नोकरी बदलली आणि ४०१-के दोनदा कापला गेला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलांनी ४०१-के खात्यात (म्हणजे पगारातून कापून निवृत्तीसाठी पैसे साठवायच्या खात्यात) ‘जमेल तितके पैसे टाकावेत’, असा सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. राहिलेला अर्धा मला गेल्या वर्षी चांगलाच कळला.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, आयटीत आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये नोकरी बदलली. तोवर जुन्या कंपनीने पगारातून करपूर्व १७,२५० डॉलर कापले होते. नव्या ठिकाणी किती टक्के कापू विचारलं, मी उत्साहाने वीस सांगितले. डिसेंबरअखेर तिथेही ९,४०० जमले. त्या वर्षी पन्नाशीच्या आतल्यांना मर्यादा होती २३,००० डॉलर, आणि ती माणसागणिक असते, कंपनीगणिक नाही. (नवऱ्याची वेगळी. कंपनी पदरचे घालते तेही यात धरत नाहीत.) म्हणजे माझे ३,६५० जास्त गेले. एका कंपनीला दुसरीकडची कपात कळायचं काही कारणच नव्हतं.

२०२५च्या फेब्रुवारीत रिटर्न भरायला दोन्ही डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेले वर्षाच्या पगाराचे आणि कपातीचे दाखले) शेजारी ठेवले आणि बाराव्या चौकटीतल्या ‘डी’पुढच्या, म्हणजे ४०१-के कपातीच्या, आकड्यांची बेरीज केली. चहा तसाच गार झाला. नवं खातं सांभाळणाऱ्या कंपनीला फोन केला, तर तिकडची बाई म्हणते, “आमच्याकडे तर तुम्ही मर्यादेतच आहात.” तिचंही खरंच! शेवटी जुन्या कंपनीचा डब्ल्यू-२ जोडून लेखी अर्ज केला. एप्रिलच्या सुरुवातीला चेक आला: जादाचे ३,६५० आणि त्यावरची वाढ २१२.

ते ३,६५० मी २०२४च्याच रिटर्नमध्ये पगारात मिळवले. २१२ मात्र २०२५च्या उत्पन्नात, कारण हातात तेव्हा पडले. पैसे काढून घ्यायची मुदत १५ एप्रिल. रिटर्नला ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मागता येते, याला नाही. ती हुकली की त्या वर्षीचा कर भरावा लागतोच, वर म्हातारपणी पैसे काढताना त्याच रकमेवर पुन्हा एकदा.

आणि या परताव्याचे १०९९-आर फॉर्म (निवृत्तीच्या खात्यातून काढलेल्या पैशांचे दाखले) कधी यावेत? २०२६च्या जानेवारीत! दोन वेगवेगळे, एकावर ‘पी’ (आधीच्या वर्षाचं उत्पन्न) आणि दुसऱ्यावर ‘८’ (पैसे मिळाले त्या वर्षाचं). कागद येऊ दे, मग बघू म्हणून बसले असते, तर मुदत उलटून नऊ महिने झाले असते.

२०२५साठी मर्यादा २३,५०० होती. त्यावर जादा कापलेले काढून घ्यायची मुदत १५ एप्रिल २०२६. माझ्या आईने पुरवणीतलं ते कात्रण सोसायटीतल्या पाचजणींना पाठवलंय. त्यातल्या तिघींच्या मुलांनी गेल्याच वर्षी कंपनी बदलली, म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी