ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र : फोनची बॅटरी आम्हाला बदलू द्या

मा. ग्राहक व्यवहार मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. उष्णतेने आणि सतत शंभर टक्के चार्ज ठेवल्याने आणखी लवकर. काहीशे चार्जनंतर तिची क्षमता उतरू लागणार, हे फोन बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. तरीही हाच भाग ते गोंदाने चिकटवून आत बंद करतात. स्क्रीन शाबूत, कॅमेरा उत्तम, पण दुपारीच चार्ज संपतो म्हणून लोक अख्खा फोन बदलतात. हे मला संतापजनक वाटतं.

साहेब, असा फोन उघडताना एकदा जवळून पाहा. मागची काच तापवून गोंद सैल करावा लागतो, मग फटीत पातळ पट्टी सरकवायची, आतल्या रिबन केबलला धक्का लागू द्यायचा नाही आणि तळाला चिकटलेली बॅटरी हळूहळू उचकटायची. तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते. फुगलेली असेल तर धोका आणखी वाढतो. एवढं करून नवी बसवली, तरी काही फोन ‘हा भाग अस्सल आहे की नाही ते कळत नाही’ असं बजावत राहतात, कारण बॅटरीची ओळख सॉफ्टवेअरने त्या फोनशी बांधलेली असते. पूर्वी मागचं झाकण नखाने निघायचं.

झाकण निघालं तर पाणी शिरेल, हे कंपन्यांचं ठरलेलं उत्तर. २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस५ ला आयपी६७ (धूळ-पाणी रोखण्याचं) रेटिंग होतं आणि त्याची बॅटरी हाताने निघायची. २०२२ च्या सॅमसंगच्याच एक्सकव्हर६ प्रोमध्ये तर निघणारी बॅटरी, आयपी६८ आणि हेडफोन जॅक, तिन्ही आहेत. फोन थोडा जाड होईल, होऊ दे.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीत वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः बदलता यावी असं कलम आहे. त्याच्या अंमलासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरली. मात्र संघाच्याच फोनसाठीच्या वेगळ्या नियमांत, हजार चार्जनंतरही ८० टक्के क्षमता टिकवणाऱ्या पाणीरोधक फोनना सूट आहे. आपल्या नियमात ही पळवाट नको. हजार चार्जनंतरही फोन चालूच राहायला हवा.

हेडफोनचं दुखणंही याच जातीचं. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा जॅक गेला आणि बाकीचे त्याच वाटेने गेले. वायरच्या साध्या इअरफोनला बॅटरी लागत नाही, आवाजही चित्राच्या मागे पडत नाही. वायरलेस इअरबडच्या एका जोडीत मात्र तीन बॅटऱ्या : दोन कानांत, एक डबीत. बहुतेक जोड्यांत त्या बदलताच येत नाहीत, त्यामुळे चांगले स्पीकर आणि माइक बॅटरीसोबत कचऱ्यात जातात. टाइप-सी अडॅप्टर घ्यावा, तर एका फोनवर चालणारा दुसऱ्यावर मुका राहतो. काही फोन त्या पोर्टमधून थेट अ‍ॅनालॉग आवाज देतात, काहींना अडॅप्टरमध्येच डीएसी (डिजिटल संकेताचा इअरफोनला चालणारा आवाज करणारी चिप) लागतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

जॅकची सक्ती लगेच होणार नसेल, तर कोणता अडॅप्टर चालेल हे निदान खोक्यावर छापायला लावा. बॅटरीच्या बाबतीत मात्र सक्तीच हवी. साध्या स्क्रूड्रायव्हरने ती निघावी, सुटी बॅटरी विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळावी, सॉफ्टवेअरने ती अडवू नये, आणि हाच नियम इअरबडनाही लागू व्हावा. याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी लवकर खुला करावा, ही विनंती.

आपला,
एक मोबाइलधारक