मिरगापासून चतुर्थीपर्यंत

कोल्हापूर, एप्रिल

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

रविवारी शिरोड्याहून निघताना बोलायचं होतं ते गाडीत बसेपर्यंत तोंडातून निघालंच नाही, म्हणून लिहिते. यंदा मिरगाआधी तुम्ही दोघं इकडे येताय, चतुर्थीपर्यंत. दादाशी बोलून ठरवलंय. पुढची खोली रिकामी केली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला.

बाबा, रागावू नका. मिठागरात पक्षी बघत होते तशी मी तुमच्याकडेही बघत होते. भरती चढली, खाडीचा चिखल पाण्याखाली गेला आणि तिथला सगळा थवा आपल्या वाफ्यांत येऊन उतरला. तुम्ही छोटीला सांगत होतात, मीठ धरायला लागलेल्या वाफ्यात फारसं कुणी उतरत नाही. अलीकडच्या कमी खारट पाण्यात अळ्या-किडे असतात, गर्दी तिथं. दुर्बिणीतून चिखल्या पक्ष्याची छाती दिसली. हिवाळाभर मळकट असलेली ती आता विटकरी झालीय. शेजारी टिलवा, 25-30 ग्रॅमचा जीव, थोड्या दिवसांत सैबेरियाच्या पार उत्तरेला निघणार. तेवढ्यात तुम्ही बांधावर थांबलात. शेकाट्या पक्षी दाखवायला थांबलोय असं भासवलंत, पण दम लागला होता तुम्हाला. पायाच्या सुजेत चपलेचा पट्टा रुतला होता.

याच बांधावरून तुम्ही मला खांद्यावर न्यायचात, खाऱ्या पाण्यानं पाय चिरतात म्हणून. तरी मी उतरायचेच, आणि रात्री आई तळव्यांना खोबरेल चोळत बसायची.

पावसात मिठागर बंदच असतं. बांध निसरडे होतात, वीज जाते, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर सावंतवाडी गाठायची कशी? इथं डॉक्टर हाकेवर आहेत. आई, लेकीच्या घरी इतके दिवस कसं राहायचं, असं मनात आणू नकोस. तो दांडा मी सांगायच्या आधी यांनीच आणून बसवून घेतला. पुराची धास्तीही नको. 2019 आणि 2021 ला पंचगंगेनं एवढं थैमान घातलं, पण आमच्या बिल्डिंगच्या पायरीला पाणी लागलं नव्हतं. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे ताज्या मासळीवाचून तिकडेही अडतंच. उकडा तांदूळ, सोलं घेऊन या. सकाळची पेज मी करीन, आमटीचं तिखट तुमच्यापुरतं वेगळं काढीन. संध्याकाळी बाबांना रंकाळ्याची सपाट वाट आहे, पाणकोंबड्या आहेत. खाडीची सर नाही, पण पाय मोकळे होतील.

आता ऐका. बाबा, सुजेची गोळी सकाळीच घ्यायची, लघवीला उठावं लागतं म्हणून चुकवायची नाही. बांधावर एकट्यानं जायचं नाही. ताटात वरून मीठ नाही, सुकी मासळी नाही. जन्मभर मीठ पिकवलेल्या माणसाला हे सांगताना माझा जीव थोडा होतो, पण सांगणार. आई, तूही गुडघ्याचं दुखणं लपवू नकोस, जिना उतरताना पाहिलंय मी. देवापुढे दिवा लावायला शेजारच्या काकींना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. कौलं मात्र मेमध्येच शाकारून घ्या.

गणपती आपल्याच घरी बसेल, त्याआधी तुम्हाला पोचवते. तोवर चिखलेही परतायला लागलेले असतील.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही गाडी घेऊन येतो, आंबोली घाटात धुकं धरायच्या आत. बाबांचे जुने रिपोर्ट आणि ईसीजी एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला आत्ताच टांगून ठेव, आई.

तुमची,
बाय