जूनअखेरीस या, आणि दोन आठवडे राहा

तीर्थस्वरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "स्वित्झर्लंडमधल्या जेमतेम चारशे वस्तीच्या गावात माणूस बारा महिने राहतो तरी कसा?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. ते बरे झाले नाही, म्हणून हे पत्र.

उंचीचा अंदाज चटकन यावा म्हणून सांगते: दरीतले लाउटरब्रुनेन गाव साधारण माथेरानच्या उंचीवर आहे आणि आमचे म्युरेन जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या, कड्याच्या अगदी काठाला. माथेरानसारख्याच इथेही मोटारी येत नाहीत. घोडे आणि लाल माती मात्र नाही. खालून रोपवेने ग्रुच्आल्प स्थानकापर्यंत चढायचे आणि पुढे कड्याच्या कडेने धावणाऱ्या छोट्या आगगाडीने गावात यायचे. ही वाट 1891 सालची. चढावर तेव्हा दोरावर ओढली जाणारी गाडी होती, रोपवे 2006 मध्ये आला. त्याच्या डब्याच्या पोटाखाली सामानाचा फलाट टांगलेला असतो. दूध, बटाटे, बिअरची पिंपे, हॉटेलांच्या चादरी असे सगळे त्यावरून वर येते, आणि फ्योन नावाचा उबदार वारा पिसाटला की रोपवे थांबतो. गेल्या वर्षी तो थांबला त्या दिवशी आमच्या हॉटेलात पाहुण्यांना सकाळी ताजा पाव मिळाला नाही आणि त्याबद्दलची बोलणी स्वागतकक्षात बसून मी खाल्ली.

पाहुणे येतात, समोरच्या आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ या शिखरांचे फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत खाली उतरतात. त्यांना नोव्हेंबर दिसत नाही. तेव्हा बहुतेक हॉटेले बंद असतात, हंगामी माणसे आपापल्या देशी गेलेली असतात आणि सुट्टीपुरत्या घेतलेल्या घरांच्या खिडक्या ओळीने मिटलेल्या असतात. (अशा घरांवर दर पालिका हद्दीतल्या एकूण घरांच्या 20 टक्क्यांची मर्यादा घालण्याचा कौल देशाने 2012 मध्ये दिला, तो उगाच नव्हे.) पण त्याच महिन्यात शेजारच्या आजी मला चीज वितळवायला बसवतात आणि त्यांची स्विस जर्मन मला निम्मी तरी कळू लागते. मोठे रुग्णालय खाली इंटरलाकेन शहरात आहे, ही खरी अडचण, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. तरीही यंदाचा करार मी आणखी एका वर्षाने वाढवला आहे.

म्हणून दोन दिवसांसाठी येऊ नका. जूनअखेरीस या, तोवर पायवाटांवरचे बर्फ बरेचसे वितळते आणि गाई वरच्या कुरणांत गेलेल्या असतात. बाबा, गुडघ्यांची काळजी नको: दरीतल्या श्टेखेलबेर्गहून थेट वर आणणारा नवा रोपवे डिसेंबर 2024 पासून चालू आहे. आई, गोडा मसाला अवश्य आण, पण काचेच्या बरणीत नको. गावात हमाल मिळत नाहीत आणि स्टेशनापासून बॅग मलाच ओढायची आहे.

तुमची,
धाकटी