दृढीकरणाच्या वर्गाला शिकवणाऱ्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या कॅथलिक संस्काराच्या, वर्गासाठी तुम्ही जे केलंत त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. किशोरवयीन मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल, असं मनापासून वाटतं.

चौदा-पंधरा वर्षांची मुलं कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांची नावं धडाधड म्हणून दाखवतात. ‘अदृश्य कृपेचं दृश्य चिन्ह’ ही व्याख्याही त्यांना तोंडपाठ असते. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो आणि आपल्या वर्गात तो अगदी मागच्या बाकावरून आला. देव सगळीकडे आहे, मनातलं ओळखतो, मग त्याला पाणी, तेल, भाकर कशाला लागते? तुम्ही एवढंच म्हणालात, “त्याला नाही लागत, आपल्याला लागते,” आणि बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान उघडायला लावलंत. कुष्ठरोग्याला येशू नुसत्या शब्दाने बरं करू शकला असता, पण त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. बहिऱ्याच्या कानांत बोटं घातली, त्याच्या जिभेला हात लावला. मग योहानाचं शुभवर्तमान, जन्मांध माणसाच्या डोळ्यांवरचा चिखलाचा लेप. मुलं आळीपाळीने वाचत होती आणि तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. पाचव्या शतकात पोप थोर लिओ यांनी सांगून ठेवलं आहे की आपल्या तारणाऱ्याच्या ठायी जे डोळ्यांना दिसत होतं, ते आता संस्कारांत आलं आहे. हे तुम्ही अगदी शेवटी फळ्यावर लिहिलंत. तोवर मुलांना ते उमगलेलं होतं.

इमोजी हेही चिन्हच की, असं एकीचं म्हणणं पडलं. तुम्ही तिला गप्प केलं नाहीत. इमोजी आपण हसतोय एवढं कळवतो. संस्कार जे दाखवतात ते घडवतातही, कारण संस्कार देणाऱ्या हातामागे ख्रिस्त स्वतः असतो. धर्मगुरूचा स्वभाव कसा आहे, त्या दिवशी त्याचं मन लागलं होतं की नाही, यावर देवाची कृपा अडून राहत नाही. मोठ्या माणसांवरचा विश्वास डळमळू लागतो त्या वयात हे ऐकायला मिळणं किती मोलाचं आहे, हे मी पालक म्हणूनही सांगू शकते.

चर्चची ती नोंदवही तर मी विसरूच शकत नाही. फादरांच्या परवानगीने तुम्ही प्रत्येकाला त्याची स्वतःची, फक्त स्वतःची, स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, नोंद दाखवलीत. नाव, तारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता, स्नानसंस्कार देणारे फादर. आणि शेजारी समासात कोरी जागा. दृढीकरण झालं की त्याची नोंद तिथेच होते, पुढे विवाह किंवा गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) झाली तर तीही तिथेच. एका मुलाच्या ओळीत धर्मपिता म्हणून त्याच्या मामाचं नाव होतं. तो मामा आता हयात नाही. मुलाने ते नाव दोनदा वाचलं आणि मग विचारलं, “म्हणजे माझ्या वतीने विश्वास कबूल करताना मामा इथे उभा होता?” आपला विश्वास कुणाच्या तरी हातून आपल्यापर्यंत आला, हे त्याला कुठल्याही धड्याने इतकं पटलं नसतं.

तेलाच्या वेळी तुमचा विवेक दिसला. बिशपांनी पवित्र केलेलं ख्रिस्मा हे तेल तुम्ही वर्गात दाखवायला आणलं नाहीत. साधं ऑलिव्ह तेल घेतलंत, त्यात सुगंधी बाल्सम मिसळलंत, हे पवित्र तेल नव्हे हे दोन वेळा बजावलंत आणि प्रत्येकाच्या मनगटाला लावायला दिलंत. तेल पुसलं तरी वास संध्याकाळपर्यंत गेला नाही, हे पुढच्या रविवारी मुलांनीच येऊन सांगितलं. दृढीकरणात बिशप कपाळावर असंच, पण पवित्र केलेलं, मिश्रण लावून पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा उमटवतात. ‘मुद्रा’ म्हणजे कायमची खूण, हे मग फार समजावावं लागलं नाही.

पापनिवेदनाबद्दल मुलं बोलायलाच तयार नव्हती. लाज वाटते, एवढंच म्हणायची. तुम्ही आधी गोपनीयतेचं सांगितलंत. धर्मगुरूने ऐकलेलं कुठल्याही कारणाने बाहेर काढायचं नाही, जीव गेला तरी नाही. मग म्हणालात की क्षमा मनात समजून घेण्यापेक्षा कानांनी ऐकणं वेगळं असतं. मला वाटतं, त्या वर्षी तुम्ही शिकवलेलं सगळ्यात मोठं हेच. पुष्कळ मुलं आपल्या चुका कुणालाच न सांगता वाहत असतात.

रुग्णाभ्यंगाविषयी, म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराविषयी, मुलांच्या मनात एकच कल्पना होती, मरणाऱ्याला लावायचं तेल. गंभीर आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही हा संस्कार घेता येतो, जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्याचा हा अर्थ पुन्हा ठळक केला आणि 1972 साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने दिला, हे तुम्ही सांगितलंत. पुढे एका मुलीच्या आजीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. घरातली मोठी माणसं फादरांना बोलवायला कचरत होती, आजी घाबरेल म्हणून. त्या मुलीने स्वतः जाऊन फादरांना बोलावलं. आजीच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं तेव्हा ती शेजारीच होती.

सिस्टर, हे सगळं तुम्ही बाकीची कामं सांभाळून केलंत, आणि मी शेजारी बसून शिकत राहिले. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आता वर्ग माझ्याकडे आहे. नोंदवहीचा रविवार मी तसाच ठेवला आहे, तेलाचाही.

आणि एक. त्या आजीच्या नातीचं दृढीकरण यंदा आहे. तिला धर्ममाता म्हणून तुम्ही हव्या आहात. ती स्वतः पत्र लिहिणार आहे, पण बदलीच्या ठिकाणाहून रजा मिळवायला वेळ लागतो म्हणून मी आधी कळवते. जमलं तर नक्की या.

तुमची,
वर्गातली मदतनीस