भिजत घोंगडं आणि भिजत गहू

तीर्थस्वरूप काकूंना,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुम्हाला नात वाचून दाखवेल असं धरून चालले आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला मोबाइलकडे डोळे फाडून बघायची बंदी आहे आणि तरी तुम्ही बघता, असं तिनेच सांगितलं. चारचौघांत लिहितेय याचा राग मानू नका. माझ्या धाटणीची माणसं बरीच आहेत आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर तुम्ही राहत नाही.

२०१७ सालचा मे महिना. नारायण पेठेतल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझी एक खोली, पहिल्यावर तुम्ही, आणि गच्चीची किल्ली तुमच्या कमरेला. नोकरी सोडून मला आठ महिने झाले होते. घरी बसून भाषांतरं करायची, आपल्या वेळेने करायची, अशी स्वप्नं. प्रत्यक्षात एका संस्थेची ८४ पानांची पुस्तिका मी अकरा दिवस उशिरा दिली होती आणि ‘पुढचं काम असलं तर कळवू’ एवढं एक वाक्य उत्तरादाखल आलं होतं. पुढचं काम अर्थातच आलं नाही.

त्यावर उपाय म्हणून मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं. चार रंगांच्या स्केचपेननी. हिरव्यात भाषांतर, निळ्यात वाचन, लाल म्हणजे ईमेल, पिवळा म्हणजे व्यायाम. पहाटे पाचला उठण्यापासून सुरुवात. तुम्ही विरजण मागायला वर आलात आणि चश्मा सारखा करून भिंत वाचत उभ्या राहिलात.

“शाळेचं आहे का गं हे?”

“नाही, माझं.”

“मग रविवारी सकाळी सहाला ‘विश्रांती’ लिहिलंयस. सहाला उठून विश्रांती घ्यायची?”

मला तेव्हा रडूच आलं. ते माझं सातवं वेळापत्रक होतं. पहिले दोन दिवस स्वर्ग, तिसऱ्या दिवशी एक चौकट चुकायची, चौथ्या दिवशी ती भरून काढायला बाकीच्या हलवायच्या, आणि पाचव्या दिवशी मी नवीन कागद आणायला अप्पा बळवंत चौकात. सगळ्यांत नियमितपणे जर मी काही केलं असेल तर ती ही स्टेशनरीची खरेदी.

तुम्ही समजूत वगैरे काढली नाहीत. म्हणालात, “उद्या कुरडया घालायच्यात. कावळे राखायला कुणी नाही. तुझं ते मशीन घे आणि गच्चीत बस.”

तर आभार मानायचे आहेत ते इथून पुढच्या तीन आठवड्यांचे.

त्याआधी थोडं माझ्याबद्दल. जुन्या ऑफिसात एकदा आम्हा सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी झाली होती. शेवटी चार इंग्रजी अक्षरं हातात देतात. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची लेक इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१च्या सिद्धांतावरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही चाचणी बेतली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. माझं शेवटचं अक्षर ‘पी’ आलं. म्हणजे आखीव गोष्टींपेक्षा मोकळं राहणं आवडणारी. मला केवढं हायसं वाटलं! मी आळशी नाही, माझा प्रकारच तसा. मग सहा महिन्यांनी सहज पुन्हा चाचणी दिली तर एक अक्षर बदललेलं. पुढे वाचलं की अनेकांचं असं होतं आणि म्हणून बरेच मानसशास्त्रज्ञ त्या चाचणीला फारसं मानत नाहीत.

हे सगळं मी गच्चीत तुम्हाला ऐकवलं होतं. तुम्ही सोऱ्यात चीक भरता भरता म्हणालात, “माझी कन्या रास. कन्या म्हणजे टापटीप म्हणतात. माझा माळा बघितलास कधी?”

माळा मी नंतर बघितला. त्यावर न बोललेलं बरं.

पण ज्या बाईच्या माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती तिने उन्हाळाभर पंचवीस-तीस घरांच्या कुरडया, पापड, सांडगे, एकही दिवस न चुकवता पोचवले. घड्याळ न बघता. हे कोडं मला पडलं आणि मी राखणीच्या नावाखाली तुमच्यावर पाळत ठेवली.

पहिली गोष्ट दिसली ती वही. ओट्याशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली, पेन्सिलही सुतळीलाच बांधलेली. तिच्यात तारखा जवळपास नव्हत्याच. ‘मागची इमारत, कुरडया २ किलो, भाचीच्या केळवणाआधी.’ ‘दवाखान्यातल्या बाई, सांडगे १ किलो, लेक दुबईला परत जायच्या आत.’ मी विचारलं, तारीख का नाही लिहीत? तुम्ही म्हणालात, तारखेला कुणाचं तोंड असतं का. लेक विमानात बसली की सांडगे काय उपयोगाचे, हे मात्र लगेच कळतं. मी घरी जाऊन माझी यादी काढली. ‘१२ जून’ खोडून लिहिलं, ‘शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू व्हायच्या आत’. १२ जून मी आयुष्यात कितीदा चुकवला असता. कोऱ्या हाताने बसलेले चाळीस शिक्षक डोळ्यांसमोर आल्यावर चुकवता येईना.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. सकाळी उठून तुम्ही आधी गच्चीवर जायचात. आभाळ स्वच्छ असेल तर उन्हाची कामं, मळभ असेल तर मळभाची. पापड लाटणं उन्हाचं. लसूण सोलणं, तीळ निवडणं, डबे पुसणं, हिशेब, पिशव्यांवर नावं घालणं ही मळभाची. गुरुवारी आपल्याकडे वीज जायची म्हणून त्या दिवशी वाटणाघाटणाचं नावच काढायचं नाही. मळभ आलं म्हणून तुम्हाला स्वतःवर चिडलेलं मी कधी पाहिलं नाही. मी मात्र सकाळी नऊच्या हिरव्या चौकटीत डोकं चालत नसलं की दुपारपर्यंत स्वतःला शिव्या घालत बसायची, आणि मग निळी, लाल, पिवळी सगळीच वाया.

आता माझ्या वहीला दोन बाजू आहेत. डावीकडे ऊन: कोरं भाषांतर, अवघड परिच्छेद, कवितेच्या ओळी. उजवीकडे मळभ: बिलं पाठवणं, शुद्धलेखन तपासणं, पारिभाषिक शब्दांच्या याद्या, तळटीपांचे आकडे जुळवणं. सकाळी उठून आधी आपलं आभाळ बघते. घड्याळ लावून काम करायचंही मी करून पाहिलं आहे हो. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. पंचवीस मिनिटं काम, मग छोटी सुट्टी. लाखो लोकांना ते लागू पडतं. माझं काय व्हायचं, वाक्याला वाक्य लागायला लागलं की विसाव्या मिनिटापासून कान घंटीकडे. उजव्या बाजूच्या कामांना मात्र मी अजून तो टोमॅटो वापरते. बिलं पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त सहनच होत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ती गव्हाची.

कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचे, पिळून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर पातेल्यात बसला की वरचं निवळ पाणी ओतून टाकायचं. मग पहाटे चीक मोजून जेवढ्यास तेवढं पाणी, मीठ, हिंग घालून उकळायला ठेवायचं आणि चीक ओतून घोटायचा. एवढ्या वेळात मात्र हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळी. त्या दिवशी तुम्ही चारला उठायचात. एरवी साडेसातपर्यंत तुमचं दार बंद असायचं आणि दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा. पहाटे उठणारी माणसं कर्तबगार असतात या माझ्या समजुतीला पहिला तडा त्या दुधाच्या पिशवीने दिला.

एका वेळी तुमच्याकडे तीन पातेली असायची. एकात आजचे गहू, एकात कालचे, एकात परवाचे. रात्री जेवण झाल्यावर ओट्यासमोर उभं राहून तिन्हींचं पाणी बदलायचं. दहा मिनिटांचं काम. मी विचारलं, काकू, एक संपवून दुसरं का नाही घेत? मला तर तेच शिकवलं होतं, हातातलं आधी पूर्ण कर. तुम्ही म्हणालात, “गहू भिजतोय तोवर मी काय त्याच्याकडे बघत बसू?”

मी म्हटलं, माझ्याकडे पण सहा कामं अर्धवट आहेत, सगळी भिजत घोंगडी.

तेव्हा तुम्ही ओला हात पदराला पुसत जे बोललात ते माझ्या टेबलासमोर, वेळापत्रक होतं त्याच जागी, मी लिहून लावलं आहे. “घोंगडं भिजत पडतं, गहू भिजत घालतात. पाणी बदलायला गेलीस की घोंगडं नाही होत.”

त्या रात्री वर जाऊन मी सहाही फायली उघडल्या. प्रत्येकीत दहा मिनिटं. काम करायचं नाही, फक्त पाणी बदलायचं. एका फाइलीत एक शब्द सुधारला. दुसरीत नुसतं शेवटचं पान वाचलं. तिसरीत ‘इथे अडलंय, संस्थेला विचार’ एवढंच लिहिलं. चौथी उघडली आणि रात्री पावणेदोनला लॅपटॉप बंद केला, कारण ती चौथी भिजून तयार होती, मलाच माहीत नव्हतं.

पुढे कधीतरी ब्लूमा झायगार्निक हे नाव वाचनात आलं. बर्लिनमध्ये मानसशास्त्राचं संशोधन करत होती. अर्धवट राहिलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात, असं तिने १९२७ साली मांडलं. नंतरच्या प्रयोगांत ते दर वेळी दिसलं नाही. पण मधेच तुटलेलं काम पुन्हा हाती घ्यायची ओढ माणसाला असते, हे तिच्याच सोबतिणीने, मारिया ओव्हस्यान्किनाने, दाखवलं होतं. म्हणून मी आता दिवस संपवताना वाक्य मधेच सोडते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट नाही, अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग लिहायचा असतो.

तुम्ही एकदा भावाकडे लग्नाला गेलात आणि पाणी बदलायला मला सांगून गेलात. मी विसरले. तिसऱ्या दिवशी जिन्यातच वास. दोन किलो गहू तुम्ही न बोलता ओतून दिलात आणि पातेलं उन्हात पालथं घातलंत. मी माफी मागत राहिले तर म्हणालात, “आंबला, गेला. आता दुसरे निवड.” त्या दोन किलोंचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, पण निवडून मात्र सगळे माझ्याकडूनच घेतलेत. मागच्या वर्षी एका फाइलीला मी चार महिने हात लावला नव्हता, आणि रोज तिच्या नावाने पोटात गोळा यायचा. शेवटी त्या माणसाला फोन केला, हे माझ्याने होणार नाही म्हणून सांगितलं आणि घेतलेले पैसे परत केले. तो बिचारा म्हणाला, आधी का नाही सांगितलंत? खरंच, का नाही सांगितलं.

सगळंच मोकळं सोडून भागत नाही, हेही तुमच्याकडेच पाहिलं. भिशीची १० तारीख तुम्ही जन्मात चुकवली नाहीत. पाण्याची वेळ, दुपारी चारला गच्चीवरून वाळवण उचलायची वेळ, या खुंट्या पक्क्या. मेमधला वळीव यायचा तो साधारण त्यानंतरच. आपण दोघी एकदा तीन वाजताच आलेल्या पावसात चादरी गोळा करत धावलो होतो ते आठवतं? तुम्ही ओरडत होतात, “पापड राहू दे, कुरडया उचल!” कुरडया सहा दिवसांच्या मेहनतीच्या, पापड सकाळचे. घाईत आधी काय उचलायचं ते मला तिथे कळलं. माझ्या खुंट्या तीनच आहेत: रात्रीचं पाणी, सोमवारी सगळ्यांना ‘कुठवर आलंय’ असा निरोप, आणि आगाऊ कराची १५ मार्च. चौथी ठोकायला गेले की भिंतच पडते, हा अनुभव आहे.

आणखी एक सांगते, तुम्हाला हसू येईल. चीक पिळून उरलेला चोथा तुम्ही टाकायच्या नाहीत, त्यात मिरची-लसूण घालून भुसवड्या करायच्या. माझ्या लॅपटॉपवर ‘भुसवड्या’ नावाचं फोल्डर आहे. भाषांतरातून कापलेली वाक्यं, जमलेले पण जागा न मिळालेले शब्द, सगळं त्यात. गेल्या दिवाळी अंकासाठी लिहिलेला लेख जवळजवळ त्यातूनच निघाला.

काकू, त्या तीन आठवड्यांत कावळ्यांना हाकलत मी ६२ पानं भाषांतरित केली. तुम्ही त्याबद्दल एकदाही विचारलं नाहीत. कुरडया किती गेल्या एवढंच विचारायच्या. (अकरा. दोन कावळ्यांनी नेल्या, बाकीच्यांचं खापर तुम्ही कावळ्यांवरच फोडा.) वाटीभर गरम चीक, वर तेल, ही माझी मजुरी. तेवढी चांगली मजुरी मला अजून कुणी दिलेली नाही.

इमारत पाडायला घेतली तेव्हा सामान हलवण्याच्या गडबडीत तुमच्या सोऱ्याची बारीक जाळी माझ्या डब्यात आली. तुम्ही ती शोधत होतात, हे मला नंतर कळलं. नातीच्या पत्त्यावर कुरियरने पाठवते आहे, पण पुढच्या आठवड्यात. इकडे तीन दिवसांपासून दीड किलो गहू भिजत आहेत, आणि उद्या ऊन पडेलसं वाटतंय.

कळावे,
तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची