रुग्णाच्या उशाशी बसणारी श्रद्धा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी धीर द्यायला जाणाऱ्या माणसांविषयी, आणि विशेषतः आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत अशा वेळी श्रद्धेच्या नावाने जे बोलले जाते त्याविषयी, स्वतःच्या अनुभवावरून लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी कळव्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझे माहेर आणि सासर दोन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले. पतींना वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही ठाण्याचे झालो. चार वर्षांपूर्वी ऐन आषाढात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि त्यानंतरचे चौदा महिने, म्हणजे अखेरपर्यंत, ते पलंगावरच होते.

पहिल्या काही आठवड्यांत भेटायला पुष्कळ माणसे आली. त्यांतल्या एका प्रचारकाने प्रार्थनेपूर्वी मला विचारले, की घरात कोणाचे एखादे पाप कबूल करायचे राहून गेले आहे का. दुसऱ्या एकाने सांगितले, की विश्वास पुरता असेल तर गोळ्यांची गरज उरणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या तर दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, म्हणून मी त्या बंद केल्या नाहीत; परंतु त्या रात्री स्वयंपाकघरात बसून मी चाळीस वर्षांच्या संसारातले माझे एकेक वागणे आठवत राहिले. आधीच खचलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे ही क्रूरता आहे, असे मी आज पूर्ण विचारांती म्हणते.

ज्या पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार घेऊन हे विचारले जाते, ते शास्त्र मात्र निराळेच सांगते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य येशूला विचारतात, की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. आणि येशू दोन्ही शक्यता नाकारतो. ईयोबाच्या पुस्तकात, म्हणजे संकटांत सापडलेल्या एका नीतिमान माणसाच्या कथेत, त्याचे तीन मित्र येतात आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. पुढे ते बोलू लागतात, त्याच्या दुःखाची कारणे त्याच्याच वागण्यात शोधू लागतात, आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतात. मला वाटते, त्या सात दिवसांत त्यांनी जे केले त्याहून चांगले त्यांच्या हातून पुढे काहीच झाले नाही.

मला स्वतःला पहिली शांती मिळाली ती बायबलमधल्या अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रातून. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे येता येता देवाच्या स्तुतीकडे वळतात. हे स्तोत्र वळत नाही, अंधाराच्या उल्लेखापाशीच संपते. लहानपणापासून शास्त्र वाचत आले असूनही त्या स्तोत्रापाशी मी कधी थांबले नव्हते. देवाला उद्देशून इतके निराश बोलणेही प्रार्थनाच मानले गेले आहे आणि शेकडो वर्षे जपले गेले आहे, हे लक्षात आल्यावर मी मोकळेपणी रडले आणि कित्येक दिवसांनी शांत झोपले. दुसऱ्या दिवशी परिस्थितीत तिळमात्र फरक नव्हता. तीच नाकातली नळी, दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अखंड धडपड. फरक एवढाच, की देवापुढे खंबीर असल्याचे सोंग आणण्याची गरज उरली नव्हती.

दुसरा आधार मिळाला तो आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, भगिनींचा. पाळकसाहेबांनी आपसांत वार वाटून दिले, आणि विटावा, खारेगाव, पारसिकनगर इथून कोणी ना कोणी दुपारी दोन ते पाच येऊन बसू लागले. त्या वेळात मी बँकेत जात असे, औषधे आणत असे, कधी नुसतीच झोपत असे. (शेजारच्या जोशी-पाटील कुटुंबांनीही डब्याची कधी कमतरता भासू दिली नाही, हे कृतज्ञतेने नमूद करते.) त्या दुपारी भगिनी भजने म्हणत. ज्यांना ‘पाणी’ हा शब्द उच्चारता येत नव्हता ते माझे पती एके दिवशी त्यांच्याबरोबर भजनाची अख्खी ओळ गाऊ लागले. मी चमत्कार म्हणाले, तेव्हा वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले, की मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन बोलणे गेलेल्या अनेकांना पाठ असलेली गाणी म्हणता येतात. कारण कळल्याने माझा आनंद यत्किंचितही कमी झाला नाही. देवाने मेंदूची घडण तशी केली आहे, याबद्दल मी आजही त्याचे आभार मानते.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती श्रद्धेला ही वाट नवी नाही. पंडिता रमाबाईंनी 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गमावले, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती. उपासमार स्वतः सोसलेली ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि तिथल्या निराधार मुलींना घेऊन आली. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात अशा असंख्य मुलींना घर मिळाले. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी साध्या मराठीतल्या बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या दुःखाचे कारण त्यांना सापडले होते की नाही, हे मी सांगू शकत नाही. करण्याजोगे काम त्यांना सापडले होते, एवढे स्पष्ट दिसते.

म्हणून माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे, की आजाऱ्याच्या घरी पापाची चौकशी करू नका आणि औषधे सोडायला सांगू नका. वार ठरवून दोन-तीन तास बसा. घरच्या माणसाला तेवढ्या वेळात अंघोळ निवांत करता आली तरी ती मोठी सेवा आहे. पतींच्या निधनानंतर मी स्वतः दर गुरुवारी खारेगावातल्या एका घरी जाते, तिथली सून तेवढ्या वेळात मुलाला शाळेतून आणते. आमच्या मंडळीच्या यादीत सध्या पाच घरे आहेत. मंगळवार आणि शनिवार या दोन दुपारींसाठी अजून कोणी मिळालेले नाही, आणि कळवा परिसरातल्या कोणाही वाचकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या इमारतीतल्या अशा एखाद्या घराची ती दुपार सांभाळता आली, तर हे पत्र लिहिल्याचे मला समाधान वाटेल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कळवा (जि. ठाणे)