पुसट फॉस्फो-बँडविषयी

खारघर, नवी मुंबई
१४ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या वेस्टर्न ब्लॉटचा (प्रोटीनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या पटलाचा) फोटो मोठा करून पाहिला. एकूण ईआरके (पेशीला वाढीचा निरोप पोचवणारं प्रोटीन) सगळ्या लेनमध्ये, म्हणजे नमुन्यांच्या रांगांमध्ये, ठसठशीत आहे. फॉस्फो-ईआरके, म्हणजे फॉस्फेट बसून जागं झालेलं ईआरके, मात्र पुसट, आणि ईजीएफ (ते जागं करणारा वाढ-घटक) न दिलेल्या लेनमध्येही थोडं दिसतंच. नवी अँटिबॉडी मागवायची घाई करू नकोस. माझ्या मते घोळ त्याच्या बराच आधी, प्लेट इन्क्युबेटरमधून बाहेर आल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत झाला आहे.

कायनेज हे एन्झाइम एटीपीमधला (पेशीच्या ऊर्जेच्या रेणूतला) फॉस्फेट प्रोटीनवर बसवतं, फॉस्फेटेज हे एन्झाइम तो उतरवतं. जिवंत पेशीत ही ओढाताण सतत चालू असते. पेशी फोडली की एटीपी फोडायच्या द्रावणात, म्हणजे बफरमध्ये, विरळ होतो आणि कायनेज थंडावतं. फॉस्फेटेजला मात्र कशाचीच वाण नसते, ते बर्फावरही हळूहळू काम करत राहतं. त्यात ईआरके१वर थ्रिओनीन २०२ आणि टायरोसीन २०४ या दोन्ही जागा भरलेल्या लागतात, म्हणून फॉस्फेटेज रोखणारे इनहिबिटरही दोन हवेत: सेरीन-थ्रिओनीनसाठी सोडियम फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर, टायरोसीनसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट १ मिलिमोलर.

माझा खरा संशय व्हॅनेडेटवर आहे. बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवली आणि वापरली, असं चालत नाही. २०० मिलिमोलर द्रावण कर, पीएच १० वर आण. ते पिवळं होईल. तो रंग व्हॅनेडेटचे अनेक रेणू एकमेकांना चिकटल्याचा, आणि तसं व्हॅनेडेट निकामी. पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत उकळ, गार कर, पीएच पुन्हा १० कर. परत पिवळं झालं तर परत उकळ. रंग आणि पीएच दोन्ही स्थिरावले की लहान-लहान भाग करून उणे २० अंशांत ठेव. पेशी फोडायच्या ऐन वेळी १ मिली बफरला ५ मायक्रोलिटर घाल. ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) आणि डीटीटी (प्रोटीनमधले सल्फरचे बंध तोडणारं रसायन) दोन्ही व्हॅनेडेटला मारतात, म्हणून प्रोटीन तोडणारी एन्झाइमं रोखणारी, म्हणजे प्रोटिएज इनहिबिटरची, गोळी ईडीटीए नसलेली घे. डब्यावर बघ, बरेचदा तिथेच फसगत होते.

ईजीएफ नसलेल्या लेनमधल्या बँडचं कारण वेगळं. पेशी रात्रभर, साधारण १६ तास, सीरमविना ठेव आणि ईजीएफ देण्याआधी माध्यम बदलू नकोस. नुसतं ताजं माध्यम ओतलं तरी ईआरके जागं होतं. २ मिली माध्यमाच्या डिशमध्ये १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं ईजीएफ २० मायक्रोलिटर अलगद सोड, म्हणजे १०० नॅनोग्रॅम प्रति मिली होईल. आधी ६० मिनिटांच्या डिशला दे, मग ३०, शेवटी ५, म्हणजे सगळ्या एकदम उचलता येतील.

आणि बर्फ. कोरड्या चुऱ्यावर डिश ठेवली तर तळाशी हवा राहते, डिश गार व्हायला वेळ लागतो. ट्रेमध्ये बर्फात पाणी घालून लगदा कर, तो तळाला सगळीकडे टेकला पाहिजे.

पुढचं थोडक्यात. ब्लॉक, म्हणजे पटलावरच्या मोकळ्या जागा झाकणं, दुधाने नको, ५ टक्के बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनने) कर; दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, त्याने पार्श्वभूमी वाढू शकते. धुवायला टीबीएसटी (ट्वीन हा डिटर्जंट घातलेला ट्रिस-मिठाचा बफर). सगळ्या लेनमध्ये प्रोटीन सारखं पडलं का ते बघायला (लोडिंगसाठी) ॲक्टिन नको, ते ४२ किलोडाल्टनचं, नेमकं ईआरके२वर येऊन बसतं. ट्युब्युलिन घे.

खात्री करायची एक सोपी रीत आहे. सारख्या दोन डिश घे. एक नेहमीच्या बफरने फोड. दुसरीतलं माध्यम काढून थेट उकळता एसडीएस (प्रोटीनची घडी मोडणारा डिटर्जंट) सॅम्पल बफर ओत. त्यात सगळी एन्झाइमं जागच्या जागी मरतात. डीएनएमुळे लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) शेंबडासारखं चिकट होईल, ते २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढ. या बफरमध्ये डीटीटी असल्याने त्याचं प्रोटीन मोजता येणार नाही, म्हणून पेशी सारख्या मोजून पेर. तिसरी डिश ईजीएफच्या अर्धा तास आधी यू०१२६ (ईआरकेवर फॉस्फेट बसवणारं कायनेज रोखणारं रसायन) दिलेली, १० मायक्रोमोलर. तिथे बँड जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. एसडीएसच्या लेनमध्ये फॉस्फो-ईआरके ठळक आणि तुझ्या बफरच्या लेनमध्ये पुसट आलं, तर अँटिबॉडी निर्दोष.

शनिवारी ठाण्याहून पनवेल गाडीने खारघरला ये. उकळून तयार केलेलं व्हॅनेडेट देतो. बर्फाचा डबा तेवढा आण, परतीच्या प्रवासात लागेल.

तुझा,
मिलिंद